कोंबडी अंगावर धावते, कापून टाकू का?

वाचकाचं पत्र: "आम्ही यावल तालुक्यातल्या एका गावात राहतो. परसात पाच गावरान कोंबड्या आहेत. त्यातली लाली दोन वर्षांची, अंगाने भरलेली, माझ्या सात वर्षांच्या मुलीची लाडकी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा आणि जावई आले, तेव्हा कोंबडा कापला. बसायला जागा हवी म्हणून खुराडं उचलून जिन्याखाली नेलं, तिथे जागा 3 फूट बाय 3 फूट. त्याच आठवड्यात बाजारातून कडकनाथच्या दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या. तेव्हापासून लालीचं काही खरं नाही. तलंगांना पाण्यापाशी येऊ देत नाही. दिवसभर सरकीच्या पोत्यांमागे बसते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. अंडं देणं बंद. परवा मुलगी पोत्यांजवळ गेली तर धावत येऊन पोटरीला चोच मारली, रक्त आलं. ह्यांनी झाडूने हाणलं, तर आता झाडू दिसला तरी अंगावर येते. खायला ज्वारी, उरलेली भाकरी आणि थोडी सरकीची ढेप देतो. सासूबाई म्हणतात, माजली आहे, येत्या रविवारी रस्सा करा. मुलगी रडून रडून जेवत नाही. काय करू?"

ताई, आधी मुलीच्या पोटरीचं बघू, मग लालीचं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाच मिनिटं धुवा. परवा धुतली असेल तरी आज पुन्हा धुवा. कोंबडीची चोच दिवसभर उकिरड्यात आणि शेणात असते, म्हणून जखम लहान दिसली तरी हयगय नको. मुलीचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते लसीकरणाच्या कार्डावर बघा आणि कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जखम दाखवून या. जखमेभोवतीचा लालसरपणा वाढला, पू दिसला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तुम्ही लिहिलं नाहीत, पण गावात कोणी ना कोणी म्हणणारच म्हणून सांगतो: कोंबडीच्या चोचीने पिसाळीचा रोग होत नाही. तो कुत्र्या-मांजरांचा, गुराढोरांचा, म्हणजे सस्तन प्राण्यांचा रोग. ती धास्ती मनातून काढून टाका.

आणि रविवारचा बेत तूर्त पुढे ढकला. मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतो. लालीला जे झालंय त्याची कारणं तुमच्या पत्रातच आहेत. ती कारणं तशीच राहिली, तर लाली गेल्यावर दुसरी कोंबडी तिची जागा घेईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पशुधन पर्यवेक्षकाची माझी सगळी नोकरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तापीकाठच्या एका गावात एका म्हातारीने मला अशीच कोंबडी दाखवली. संध्याकाळ झाली की ती खुराड्यात जाईना. कोंडायला गेलं की हातावर झेप घेई, बाकीच्यांना टोचून हैराण करी. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "आजी, खोड लागली, कापा." त्यांनी कापली. महिन्याभराने पुन्हा त्या रस्त्याने गेलो तर दुसरी कोंबडी तेच करत होती. त्या रात्री मुक्काम तिथेच पडला म्हणून बॅटरी घेऊन खुराड्यात डोकावलो. मातीच्या भिंतीला भेग होती. तिच्यातून गोचिडी बाहेर येत होत्या, चपट्या, राखाडी, मसुराच्या दाण्याएवढ्या, एकीमागून एक, आणि बसलेल्या कोंबड्यांच्या पायांवर चढत होत्या. दिवसा त्या भेगेत दडून राहत, रात्री रक्त पीत. कोंबडी बिचारी आत जायला नकार देत होती आणि आम्ही त्याला खोड म्हणत होतो. म्हातारी मला काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "म्हणजे माझी पहिली शहाणी होती." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून कोंबडी कुठे, कधी आणि कोणावर धावते हे विचारल्याशिवाय मी सल्ला देत नाही.

आता तुमचं पत्र. लाली परसात सगळीकडे धावत नाही. ती सरकीच्या पोत्यांमागे बसते आणि तिथे कोणी आलं की धावते. अंडं बंद आहे. पिसं फुलवते, गुरगुरते. ताई, लाली बहुधा खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. आमची आजी अहिराणीत म्हणायची, "मारस नही, राखस." मारत नाही, राखते. खुडूक कोंबडीच्या डोक्यात एकच गोष्ट असते, पोटाखालची अंडी, मग ती तिची असोत, शेजारणीची असोत की तिथे अंडी मुळीच नसोत. मूठभर सरकीवर बसून दिवस काढणाऱ्या कोंबड्याही मी पाहिल्या आहेत.

खात्री करून घ्या. रात्री नऊनंतर, अंधार पडल्यावर जा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे दिवसा जिच्याजवळ फिरकता येत नाही ती रात्री निमूट हातात येते. हाताला जुन्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळा, हात हळूच पोटाखाली सरकवा. खुडूक असेल तर तिथली पिसं गळून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला तव्याजवळ गेल्यासारखी ऊब लागते. कोंबडीचं अंग एरवीही 41-42 अंशांवर असतं, पण उघड्या कातडीमुळे ते थेट जाणवतं. दुसरी खूण शीट. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत खाऊन-पिऊन परत येते आणि त्या वेळी नेहमीच्या कितीतरी पट मोठी, घाण वासाची शीट टाकते. ती परसात दिसली की पुढे शंका घ्यायचं कारण नाही.

हात घातलाच आहे तर खालची अंडी काढून तपासा. घाईने फेकू नका, कारण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. कोंबडा आखाजीला गेला, पण त्याच्यानंतरही साधारण दोन आठवडे कोंबड्यांच्या अंड्यांत जीव धरू शकतो. म्हणजे लाली ज्यांवर बसली आहे ती रिकामी असतीलच असं नाही. अंधारात मोबाईलची बॅटरी लावा, मूठ अशी धरा की उजेड फक्त अंड्यातून जाईल. बसून आठवडा झालेल्या जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. दोन आठवड्यांच्या अंड्याचा बहुतेक भाग काळा दिसतो, रुंद टोकाला तेवढी उजेडाची पोकळी राहते. रिकामं अंडं सगळं एकसारखं पिवळसर उजळतं. मुलीला झोप आली नसेल तर हे तिला दाखवा. अंड्यातल्या शिरा एकदा पाहिल्या की माणूस जन्मभर विसरत नाही.

जिवंत अंडी निघाली तर लालीला उठवू नका. 21 दिवस भरू द्या. पाणी आणि दाणे तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, कारण या उन्हात खुडूक कोंबडी पाण्यावाचून अंड्यांवर मरते, उठत नाही. भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा हे दरवर्षी घडतं. ज्या बाजूने झळ येते तिकडे ओलं गोणपाट लटकवा, पण त्याचं पाणी अंड्यांवर ठिबकू देऊ नका. पोत्यांपासून सहा हातांवर खडूने किंवा राखेने रेघ ओढा आणि मुलीला सांगा, पिल्लं होईपर्यंत ही लालीची सीमा. पिल्लं झाली की ती महिना-दीड महिना आणखी तिखट होईल, पिल्लांजवळ मांजर गेलं तरी त्यावर तुटून पडेल. तिथेही रेघच उपयोगी. पिल्लं मोठी झाली की तिचं तीच थांबवते.

अंडी रिकामी निघाली तर मात्र मोह धरू नका. सासूबाई म्हणतील, "बसलीच आहे तर शेजारून अंडी आणून ठेव." एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण अंड्याला 37-38 अंशांची एकसारखी ऊब लागते आणि सध्या आपल्याकडे दुपारची हवाच त्याच्या वर आहे. गोळा करून घरात ठेवलेली अंडी बसवण्याआधीच बिघडतात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, अजून यायचाय. त्यात पिल्लं निघाली तर जगवणं कठीण. लालीची ही हौस पुढच्या खेपेला, हवा निवल्यावर भागवा. आत्ता खुडूक मोडा.

मोडायची रीत सांगण्याआधी काय करू नये ते. नाकपुडीत पीस खुपसणे, पाण्याच्या टाकीत बुडवणे, पाय बांधून उन्हात टाकणे, पाट्याखाली उपाशी कोंडणे, हे सगळं मी गावोगावी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. खुडूक म्हणजे अंगातला हंगाम. तिला शिक्षा कसली करायची? पोटाखाली ऊब आणि अंधार मिळतो तोवर तिचं अंग तिला "बस" म्हणतं. पोटाखालून वारा लागला, उजेड मिळाला की तेच अंग "ऊठ" म्हणतं. एवढंच करायचं आहे.

तुमच्या भागात केळीच्या वाहतुकीचे प्लास्टिकचे क्रेट घरोघरी असतात. दोन घ्या. एक सरळ, चार विटांवर उचलून, म्हणजे जाळीदार तळाखालून वारा खेळेल. त्यात गवत, भुसा, गोणपाट काही घालू नका. दुसरा त्यावर पालथा घालून चारी कोपरे सुतळीने बांधा. रात्री लालीला अलगद उचलून त्यात ठेवा. सकाळी क्रेट निंबाच्या सावलीत न्या, जिथून बाकीच्या कोंबड्या तिला दिसतील. एका वाटीत पाणी, एका वाटीत दाणे, दोन्ही भरपूर. सावली सरकते, तसा क्रेट सरकवा. ही गोष्ट विसरलात तर दुपारी दोन वाजता तुम्हाला मेलेली कोंबडी दिसेल, म्हणून घरातल्या एकाच माणसावर ते काम टाका. रात्री मांजर-मुंगसाची भीती, म्हणून क्रेट ओसरीत, पण विटांवरच. तीन दिवस, तीन रात्री. चौथ्या सकाळी सोडा आणि बघा. उकिरड्यावर जाऊन खरडायला लागली तर मोडली. सरळ पोत्यांमागे गेली तर आणखी दोन दिवस क्रेटमध्ये. दरम्यान सरकीची पोती भिंतीला घट्ट लावून मागची कपार बंद करा. अंडी मात्र लगेच मागू नका, दोन-तीन आठवडे जातात.

लालीची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी तिच्या हाती नव्हती, ती तुमच्याकडून घडली. रागावू नका, सणासुदीत सगळ्यांच्याच घरी होतं.

एका आठवड्यात तुम्ही त्या परसात तीन गोष्टी केल्या. कोंबडा गेला, घर हललं, परक्या तलंगा आल्या. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचं हे ठरलेलं असतं. ते पहिल्यांदा नीट मांडलं नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी, सुमारे 1921 साली. लहानपणापासून त्यांना घरच्या कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला चोच मारते हे ते बसून टिपून ठेवत. त्यातून दिसलं की कळपात एक उतरंड असते. सर्वांत वरची कोणालाही टोचते, सर्वांत खालची कोणालाच नाही आणि मधल्या प्रत्येकीला आपली पायरी पाठ असते. उतरंड पक्की झाली की भांडणं थांबतात, नुसत्या मान वर करण्याने काम होतं. पण कोणी आलं किंवा गेलं की ती पुन्हा पहिल्यापासून रचावी लागते, आणि ती चोचीनेच रचली जाते.

कोंबडा असला की तो मधे पडतो, दोघी भिडल्या तर त्यांच्यात घुसतो. तो गेला, तेव्हा वरच्या पायरीवरच्या कोंबडीवर सगळं आलं. ती तुमची लाली. अशी कोंबडी कधीकधी बांगही देते. तसं झालं आणि घरात कोणी अशुभ म्हणालं तर त्यांना शांतपणे सांगा, कोंबडीच्या अंगात डावीकडचाच अंडाशय काम करतो, त्यात बिघाड झाला किंवा कळपात नर उरला नाही तर मादी नरासारखी वागू लागते. त्यात घराण्यावर यायचं काही नसतं.

तलंगांचं काय करायचं? पहिल्यांदा वेगळ्या करा. खरं तर बाजारातून आणलेला कोणताही पक्षी पहिले दोन-तीन आठवडे जुन्यांपासून दूर ठेवायचा असतो, कारण बाजारात मानमोडीपासून (राणीखेत रोगापासून) सगळं फिरत असतं. ते राहून गेलं, असो. आता परसात जाळीचा आडोसा करा, एका बाजूला तलंगा, दुसऱ्या बाजूला जुन्या. दिसाव्यात, पण चोच पोचू नये. आठ-दहा दिवस असंच. मग एका रात्री, सगळ्या दांडीवर झोपल्या की तलंगांना उचलून त्यांच्या शेजारी बसवा. सकाळी थोडी धुसफूस होईल. मान पकडून फरपटवत नाहीत आणि रक्त निघत नाही तोवर मधे पडू नका, तुम्ही सोडवलं की ते भांडण उद्या पुन्हा होतं. रक्त निघालं तर मात्र ताबडतोब ती कोंबडी वेगळी काढा. लाल ठिपका दिसला की सगळ्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात, अगदी मरेपर्यंत. जखमेवर जेन्शियन व्हायोलेटचं जांभळं औषध लावा, औषधाचं औषध होतं आणि लाल रंगही झाकतो.

पाण्याचं घमेलं तुमच्याकडे एकच दिसतंय. तिथेच भांडण आहे. तीन ठेवा, एकमेकांपासून लांब, मधे एखादी आडोशाची वस्तू येईल असे. लाली एका वेळी एकाच घमेल्याची राखण करू शकते. दाण्यांचंही तसंच. घमेल्यात ओतण्यापेक्षा परसभर उधळा, सगळ्यांची मान खाली राहील. उन्हाळ्यात पाणी दिवसातून तीनदा बदला, माठातलं असेल तर उत्तम. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकूनच ती अंग निववते. तापलेल्या अंगाची कोंबडी लवकर चिडते.

जिन्याखालची ती 3 बाय 3 ची जागा सात कोंबड्यांना पुरणार नाही. एकीला किमान 2 चौरस फूट धरले तर तुम्हाला 14 लागतात, आहेत 9. पाहुणे गेले, आता खुराडं पुन्हा मोकळ्या जागी न्या, म्हणजे लालीलाही जुनं घर मिळेल. नेण्याआधी ते उलटंपालटं करा. फटी, भेगा, दांडीचे सांधे बघा, आणि रात्री बॅटरी घेऊन पुन्हा बघा. गोचीड दिसली तर भेगा मातीने लिंपा, वरून चुना द्या, दांडी उकळत्या पाण्याने धुवा आणि कोंबड्यांवर घालायचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच आणा. कपाशीवर फवारायचं औषध कोंबडीच्या अंगावर किंवा खुराड्यात मारू नका. मी हात जोडून सांगतो. एका फवारणीत अख्खं खुराडं गेल्याचं मी पाहिलंय, आणि त्या घरात अंडी खाणारी लेकरं होती. परसात राख आणि बारीक माती मिसळून एक खड्डा करून द्या. त्यात लोळून कोंबड्या उवा-पिसवा स्वतः झाडतात. तेवढा वेळ त्यांना भांडायलाही सुचत नाही.

खाण्याबद्दल. ज्वारी आणि भाकरी यांनी पोट भरतं, पण अंडी देणाऱ्या कोंबडीला 16-17 टक्के प्रथिनं लागतात आणि ज्वारीत साधारण 10 टक्के असतात. कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. तुमच्याकडे तसं झालं आहे का ते तलंगांच्या पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी बघा. सुकट मिळते, ती कुटून मूठभर द्या. भिजवलेली मटकी, शेवग्याचा पाला चालेल, शेणखताचा ढीग उकरून द्या म्हणजे किडे त्या स्वतः शोधतील. सरकीची ढेप मात्र आजपासून बंद. खान्देशात गुरांसाठी ती घरात असतेच, म्हणून कोंबड्यांपुढेही पडते. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. गाई-म्हशींना ते बऱ्यापैकी पचतं, कोंबडीला बाधतं. अंडी ठेवली की बलक हिरवट-काळपट पडतो तो त्यामुळेच. आणि लाली पोत्यांमागे बसल्या बसल्या सरकी टिपत असेल, तर पोती झाका.

आता रोजचा प्रश्न. ती अंगावर आली तर काय करायचं?

पळायचं नाही आणि मारायचं नाही. पळालात की तिला वाटतं आपण जिंकलो. मारलंत की तिला वाटतं हा खरंच शत्रू आहे, आणि झाडूचं नेमकं हेच झालं. झाडू आता तिच्या लेखी घोणस आहे. परसात जाताना हातात सूप घ्या. ती धावली की सूप पायांपुढे उभं धरा आणि जागीच उभ्या रहा. तिच्यासमोर नुसती भिंत येते. भिंतीला दोन चोची मारून ती गोंधळते, मान वाकडी करते, मग उगाचच जमीन टोचू लागते. ते जमीन टोचणं म्हणजे तिने माघार घेतली. मग तुम्ही आपलं काम करा, सावकाश. दोन-चार दिवस असं झालं की सुपाची गरज राहत नाही. रोज संध्याकाळी एकदा तिला दोन्ही पंखांवरून हात घालून उचला, छातीशी धरा, पाय तळहातावर टेकू द्या, आणि तिचं अंग सैल पडेपर्यंत धरून ठेवा. पाय धरून उलटी लटकवू नका. उलटी कोंबडी गप्प होते ती भीतीने.

चोच कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चोचीत नसा असतात, कापली तर दुखतं, आणि मग दाणा टिपतानाही दुखतं.

मुलीच्या पायात पैंजण आहेत का? असतील तर काही दिवस काढून ठेवा. चमकणारं, हलणारं, लाल काही दिसलं की कोंबडी टोचतेच. नखांना लाल रंग असेल तर तोही. परसात जाताना बूट आणि पायघोळ पायजमा. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांसाठी: कोंबडीसमोर उकिडवं बसून तोंड जवळ न्यायचं नाही. पोटरीची जखम भरते, डोळ्याची भरत नाही.

कोणी म्हणेल लालीला रोग लागला. आजारी कोंबडी सहसा धावून येत नाही, ती पंख पाडून कोपऱ्यात बसते, तुरा काळवंडतो, दाणा सोडते. तसं दिसलं किंवा एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर उचलाउचली न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, 1962 या क्रमांकावर फिरतं पथकही मिळतं. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरलाच सापडला, म्हणून खान्देशातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. लालीची लक्षणं तशी नाहीत. तरीही खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलीचेही.

सासूबाईंना काय सांगाल? त्यांचं म्हणणं मी टाकाऊ समजत नाही. त्यांनी लेकरांच्या मागे धावणाऱ्या कोंबड्या पाहिल्या असतील, आणि घरात नातीपेक्षा कोंबडी मोठी नाही हे त्यांना बरोबर कळतं. त्यांच्याकडून एक महिना मागून घ्या. खुडूक मोडली, तलंगा रुळल्या, जागा मोकळी झाली, झाडू थांबला, आणि एवढं होऊनही लाली पोत्यांपासून दूर, विनाकारण, मुलीच्या तोंडाच्या रोखाने उडी घेते असं दिसलं, तर ती त्या घरात राहू नये. मळ्यात जिथे लहान मूल नाही तिथे द्या. तेही जमलं नाही तर सासूबाई म्हणतात ते करा, त्यात पाप नाही. फक्त ते मुलीला आधी सांगा. शाळेतून आली आणि ताटात कळलं, असं होऊ देऊ नका.

पण मला वाटतं ती वेळ येणार नाही. त्यासाठी मुलीला एक वही द्या. पाच जुन्या आणि दोन नव्या, सातही कोंबड्यांची नावं तिलाच ठेवू द्या. रोज सकाळी दाणे टाकल्यावर अर्धा तास तिने ओट्यावर बसायचं, खाली उतरायचं नाही, आणि कोणी कोणाला चोच मारली त्याची रेघ नावापुढे ओढायची. लाली कुठे होती, किती वाजता उठली, कोणावर धावली, सगळं. जिच्या भीतीने ती सध्या परसात जात नाही तिच्याकडे ती आठ दिवसांत वेगळ्या नजरेने बघायला लागेल. शिवाय लाली कुठे चिडते हे तुमच्याआधी तिला कळेल.

क्रेटमधून लालीला सोडाल त्या सकाळी मुलीला वही घेऊन ओट्यावर बसवा. सुतळी तुम्ही सोडा. लाली आधी कोणत्या दिशेला गेली, ते तिने लिहून ठेवावं आणि मला कळवावं.